दोन रुपयांचा चेक आणि आठवी ‘ब’

बातमी वाचली की माणूस शहाणा होतो, अशी आमच्या पिढीची एक भाबडी समजूत होती. शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज सकाळी एखादा सुवाच्य अक्षराचा विद्यार्थी पाच ठळक बातम्या लिहायचा. परिपाठात त्या वाचल्या जायच्या आणि आपण जगाशी जोडले गेलो, असे समाधान मानून सगळे आपापल्या वर्गात जायचे. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी आणि इतिहास शिकवताना मीही वर्षानुवर्षे हेच केले. आता निवृत्त झालो आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. फळ्यावरच्या त्या बातम्यांनी एकही मूल शहाणे झालेले मी पाहिले नाही. बातमी पाठ होते, कळत नाही. ती कळण्यासाठी आणखी काहीतरी करावे लागते, हे मला नोकरीच्या अखेरच्या वर्षांत उमगले आणि तेही एक मोठी चूक केल्यानंतर.

त्या चुकीची आणि तिच्यातून निघालेल्या एका नाटकाची ही हकिकत. नाटक म्हणजे पडदा, रंगभूषा, स्नेहसंमेलन यांतले काहीही नव्हे. दोन तासिका, बाके भिंतीला सरकवलेला वर्ग आणि एक वर्तमानपत्र, एवढेच त्याचे भांडवल होते. विषय कांद्याचा. आमच्या भागात दुसरा कुठला असणार?

एक बातमी, एक चूक

फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. लाल कांद्याची आवक एकदम वाढली आणि भाव कोसळले. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता शिल्लक राहिले २ रुपये ४९ पैसे. वरचे पैसे सोडून देऊन त्याच्या हातावर दोन रुपयांचा चेक ठेवला गेला, तोही पुढच्या तारखेचा. बातमी देशभर गाजली. चेकचे छायाचित्र ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरले.

मी ती बातमी सातवी ‘ब’च्या वर्गात नेली. नुसती वाचून दाखवण्यापेक्षा प्रसंग करून पाहू, असे मुलांना म्हटले. शेतकऱ्याच्या भूमिकेसाठी एका मुलाला उभे केले. तो शेतकऱ्याचाच मुलगा. त्याच्या घरचा कांदा त्याच आठवड्यात विकला गेला होता, हे मला ठाऊक होते. खरे तर म्हणूनच मी त्याला निवडले. तो ‘चांगला करील’ असा माझा हिशेब होता.

त्याने चांगलेच केले. पट्टी म्हणून दिलेला वहीचा कागद हातात घेऊन तो अडत्याच्या खुर्चीपुढे उभा राहिला. थोडा वेळ काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, “आमच्या पप्पांना तर खिशातले द्यावे लागले.”

कोणीतरी फिसकन हसले आणि पाठोपाठ सगळा वर्ग हसला. मुले दुष्ट नव्हती. त्यांना तो नाटकातलाच संवाद वाटला. मुलगा जागेवर जाऊन बसला आणि पुढचे चार दिवस शाळेत आला नाही.

पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. रागावलेले नव्हते. बसायला गोधडी टाकली, चहा सांगितला. मी चुळबुळत विषय काढला, तेव्हा म्हणाले, “सर, आमचं रडगाणं त्याला तोंडपाठ हाये. शाळेत दुसऱ्या कोणाचं तरी शिकवा ना.”

तीन शब्दांत त्यांनी मला बी.एड.मध्ये कोणी न शिकवलेली गोष्ट सांगितली होती: दुसऱ्या कोणाचं तरी. ज्या मुलाच्या अंगावर बातमी कोसळली आहे, त्यालाच ती पुन्हा सोसायला लावणे हे नाट्यशिक्षण नव्हे. ती वर्गाच्या करमणुकीसाठी केलेली उघडझाप आहे. भूमिका ही माणसाला आडोसा देणारी गोष्ट असते. मी त्या मुलाचा होता तो आडोसाही काढून घेतला होता.

आपल्या भाषेत नाटकातल्या व्यक्तीला ‘पात्र’ म्हणतात. पात्र म्हणजे भांडेही. जे भांडे आधीच काठोकाठ भरले आहे, त्यात आणखी काय ओतणार? दुसऱ्याचे काही घेण्यासाठी भांड्यात थोडी जागा लागते. ती जागा कशी करायची, एवढाच मग प्रश्न उरला.

वाट जुनीच

पुढच्या काही महिन्यांत मी याविषयी मिळेल ते वाचले. इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट नावाच्या एक बाई होऊन गेल्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेली ही मुलगी पुढे न्यूकॅसलला शिक्षकांना शिकवू लागली. त्या वर्गात नाटक ‘बसवत’ नसत. मुलांना एखाद्या कामातले जाणकार बनवत, स्वतः त्याच गोष्टीतली एखादी भूमिका घेत आणि मुलांना पेचात टाकत. संहिता नाही, पाठांतर नाही, प्रेक्षकही नाहीत. ब्राझीलचे ऑगस्टो बोआल यांची तऱ्हा वेगळी. अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवायचा, तो अडला की थांबायचे आणि प्रेक्षकालाच म्हणायचे, ‘या, याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते ते करून दाखवा.’ १९७१ साली तिथल्या लष्करी राजवटीने त्यांना पकडले आणि मग देश सोडायला लावला. पुढे परतल्यावर १९९३ ते १९९६ या काळात ते रिओ शहराच्या सभागृहात निवडून गेले, तेव्हा लोकांच्या अशा नाटकांतून आलेल्या सूचनांवरून त्यांनी कायदेही करून घेतले.

हे वाचून मी भारावलो, आणि नंतर थोडा ओशाळलोही. कारण आपल्याकडे काय कमी होते? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले, ते त्या काळच्या चालू घडामोडींवरचेच नाटक. एक कुणबी, त्याची बायको आणि त्यांना ग्रहदशेच्या नावाखाली लुबाडणारा जोशी. मध्ये मध्ये विदूषक येतो आणि जे कोणी बोलत नाही ते बोलून दाखवतो. शेवटी नवरा-बायको शिकायचे ठरवतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. पण सत्यशोधकांच्या जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. गावातला प्रश्न गावापुढे मांडायचा, आणि सोंगाड्याच्या तोंडून तो असा विचारायचा की पाटलालाही हसता हसता ऐकून घ्यावे लागेल. आपल्याकडची ही जुनी रीत शाळेच्या उंबऱ्याबाहेर राहिली आणि आत मात्र नाटक म्हणजे वर्षातून एकदा आई-बापांनी टाळ्या वाजवायचा कार्यक्रम होऊन बसले.

मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, कोणत्याही मुलाने आपल्या घरची भूमिका करायची नाही. दोन, प्रत्येक खेळात एक विदूषक असेल आणि त्याला फक्त प्रश्न विचारता येतील, मते देता येणार नाहीत.

लिलाव बंद, वर्ग सुरू

संधी डिसेंबर २०२३ मध्ये आली. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशातला शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. खरिपाचा कांदा लांबला आणि घटला. भाव चढणार, हे दिसताच केंद्र सरकारने १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. सरकारने नाफेडमार्फत क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी जाहीर केली, शहरांत २५ रुपये किलोने कांदा विकायला काढला. तरीही भाव चढेच राहिले आणि ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली. पुन्हा लिलाव थांबले, महामार्गावर ट्रॅक्टर आडवे लागले. क्विंटलला चार हजारांच्या आसपास असलेला लासलगावचा सरासरी भाव दोन आठवड्यांत निम्म्याच्या जवळ आला.

सातवी ‘ब’ची मुले आता आठवी ‘ब’ झाली होती. मी भूमिका वाटल्या. व्यापाऱ्याची मुलगी शेतकरी झाली. बाजार समितीत हमाली करणाऱ्याची मुलगी व्यापारी झाली. शिक्षकाचा मुलगा हमाल, शेतकऱ्याची मुलगी दिल्लीतली बडी अधिकारी. आणि चार दिवस शाळेत न आलेला तो मुलगा झाला मुंबईतल्या एका चाळीत राहणारी गृहिणी.

पहिली दहा मिनिटे वाया गेली. मुलांनी टीव्हीवरची चर्चाच करून दाखवली. सहा जण एकाच वेळी ओरडत होते आणि एक जण ‘एक मिनिट, एक मिनिट’ म्हणत होता. त्यांनी चर्चा म्हणून तेवढेच पाहिले होते, त्यांचा तरी काय दोष? मी खेळ थांबवला. वर्गाच्या मध्ये एक खुर्ची ठेवली. एकेकाने येऊन बसायचे, इतरांनी फक्त विचारायचे.

गृहिणी प्रथम आली. डोक्यावर पदर असल्यासारखा हात फिरवून मुलगा बसला. कोणीतरी तावातावाने विचारले, “साठ रुपये झाला तर काय झालं? महिनाभर कांदा खाऊ नका.” तो शांतपणे म्हणाला, “रविवारी आमच्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. बिनकांद्याचे पोहे देऊ का?”

वर्ग खदखदून हसला. फेब्रुवारीत तो याच वर्गात हसण्यावारी गेला होता. या वेळी त्याने वर्गाला हसवले होते. हसू ओसरल्यावर तो पुढे म्हणाला, “घरात पगार ठरलेला येतो. कांदा महागला म्हणून मालक पगार वाढवत नाही. मी दुसरं काहीतरी कमी करते.” मुंबईची बाई चैनीत राहते आणि शेतकऱ्याच्या जिवावर उठते, हे गावातल्या पारावर त्याने शंभरदा ऐकले असणार. पण पाच मिनिटे त्या बाईच्या जागी बसल्यावर त्याला तिच्या डब्यातले पैसे मोजावेच लागले.

व्यापारी झालेल्या मुलीला सगळ्यांनी घेरले. तिने माल घेतलेला, कंटेनर भरून न्हावाशेव्याला पाठवलेले आणि रातोरात बंदी आलेली. “परत आणायचं भाडं कोण देणार?” एवढाच तिचा मुद्दा. मग विदूषकाने विचारले, “शेठ, तुम्ही लिलाव बंद ठेवलेत. तुमचं एका आठवड्याचं किती जाईल?” तिने काहीतरी आकडा सांगितला. तो म्हणाला, “आणि हमालदादांचं?”

हमाल झालेला मुलगा आतापर्यंत कोपऱ्यात गप्प होता. त्याला कोणी खुर्चीवर बोलावलेच नव्हते. तो म्हणाला, “लिलाव नाही म्हणजे पोतं नाही. पोतं नाही म्हणजे पैसे नाहीत. आमचं नाव कोणत्या बातमीत आहे सर?” आम्ही वर्तमानपत्र पुन्हा चाळले. त्या दिवशीच्या पानात ते नव्हते. व्यापारी झालेली मुलगी, म्हणजे घरची हमालाची लेक, खाली बघत होती. दोन्ही बाजू तिला एकाच वेळी दिसत असाव्यात.

कोणीच न केलेले पात्र

खरा प्रश्न मात्र तासिका संपता संपता आला. विदूषकाने शेतकऱ्याला विचारले, “दादा, तुम्ही उन्हाळ कांदा काढता कधी?” ती म्हणाली, “एप्रिल-मेमध्ये.” मग गृहिणीला विचारले, “आणि बाई, तुम्हाला महाग कधी पडतो?” तो म्हणाला, “दिवाळीच्या आगेमागे.”

“मग मधले पाच महिने कोण करतंय?”

ते पाच महिने कोणीच करत नव्हते. माझ्याही यादीत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही कांदाचाळ उभी केली. चार मुले हात पसरून खांब झाली, उरलेल्यांपैकी छत्तीस जण आत दाटीवाटीने उभे राहिले, तेच कांदे. मी महिन्यांची नावे घेत गेलो. जूनच्या दमट हवेत काही खाली बसले, जुलैत आणखी काही. कोणाला कोंब आले, कोणी सडले, काहींचे वजन घटून गोल्टी झाली. सप्टेंबरअखेर सत्तावीस उभे होते. ही चौथाईची घट म्हणजे बरे साल. वाईट साली याहून अधिक जाते, हे मुलांनीच मला सांगितले.

मग आम्ही सरकारी निर्णय एकेक करून त्या चाळीत आणून ठेवले आणि एक गोष्ट लख्ख दिसली. ऑगस्टमधले शुल्क कोणाला लागले? ज्याने चार महिने नासाडी सोसून, पुढे दोन पैसे मिळतील म्हणून उन्हाळ कांदा राखून ठेवला, त्याला. आणि डिसेंबरमधली बंदी कोणाला लागली? लाल कांदेवाल्याला. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. थांबणाऱ्याला ऑगस्टने गाठले आणि ज्याला थांबताच येत नाही त्याला डिसेंबरने.

कांद्याच्या प्रश्नावर मी अनेक अग्रलेख वाचले आहेत. शेतकरी विरुद्ध ग्राहक अशी त्यांची मांडणी असते. पण शेतकरी आणि ग्राहक बाजारात एकमेकांसमोर येतच नाहीत. एक एप्रिलमध्ये उभा असतो, दुसरा ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळाची जोखीम कोणी घ्यायची, हा भांडणाचा खरा मुद्दा आहे आणि भाव चढला की सरकार ती जोखीम घेणाऱ्याचाच हात धरते. चढा भाव पहिल्या पानावर येतो. पडलेला भाव आतल्या पानावर राहतो, दोन रुपयांच्या चेकसारखे काही विचित्र घडेपर्यंत. निर्णयही त्याच क्रमाने होतात. चढत्या भावावरचा आदेश रातोरात निघतो. पडलेल्या भावासाठी राज्याने २०२३ मध्ये क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले, पण ते कांदा विकून झाल्यावर, अर्ज आणि पट्ट्या गोळा करायला लावून.

हे राजकारण आजचे नाही. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याची महागाई प्रचारात आणली. त्याच सुमारास चाकणला शरद जोशी पडलेल्या भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरवत होते. १९९८ मध्ये दिल्लीतल्या सरकारला महाग कांदा भोवला. २०२४ मध्ये दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या उमेदवाराचा पराभव झाला, तेव्हा स्वस्त कांद्याची चर्चा झाली. राज्यकर्ते दोन्हींकडून धडा घेतात, पण तो निवडणुकीपुरता. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ कोणत्याच जाहीरनाम्यात नीट येत नाही.

सगळेच बरोबर?

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मुले एकमेकांची बाजू समजून घेत होती. अधिकारी झालेल्या मुलीने तर सांगून टाकले, “दोघेही माझेच. एकाला हसवलं की दुसरा रडतो.” मी समारोपाच्या सुरात म्हणालो, “पाहा, प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो.”

मागच्या बाकाजवळून एक मुलगी उठली. “सर, सगळेच बरोबर असतील, तर दोन रुपयांचा चेक लिहिला कोणी?”

या प्रश्नाने माझा समारोप तिथेच थांबला. वर्गातल्या नाटकाचा सर्वांत मोठा धोका तिने नेमका दाखवला होता. प्रत्येकाच्या भूमिकेत शिरा, प्रत्येकाचे दुःख समजून घ्या आणि मग सगळ्यांचेच पटते म्हणून हात झटका. ही एक गोड पळवाट आहे. समजून घेणे म्हणजे निर्दोष सोडणे नव्हे.

आम्ही आणखी एक तास त्यावर घालवला. प्रत्येक पात्राला एकच प्रश्न केला: ‘हा प्रसंग तुम्हाला सोडून जायचा असेल, तर जाता येईल का?’ गृहिणी म्हणाली, मी कांदा निम्मा करीन, त्रास होईल पण निभेल. व्यापारी म्हणाला, मी आठवडाभर गाळा बंद ठेवीन, पुढे द्राक्षात पैसे घालीन. अधिकारी म्हणाली, मी आदेश काढला तसा मागे घेईन. हमाल अडखळला, मग म्हणाला, दुसरे काम शोधावे लागेल, ते मिळेल याचा भरवसा नाही. लाल कांदेवाला शेतकरी झालेली व्यापाऱ्याची मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला जाता येत नाही. कांदा शेतात आहे.”

तेव्हा फळ्यावर आम्ही एक वाक्य लिहिले. चेक कोणी एकाने लिहिलेला नाही, पण सगळ्यांनी उतरवून ठेवलेले ओझे ज्याच्या पाठीवर गेले, त्याच्या नावाने तो निघाला. शब्द मुलांचे आणि माझे मिळून होते. ते परिपूर्ण नाही, हेही तिथेच ठरले, कारण हमालाचे काय, हा प्रश्न त्या वाक्यात बसत नव्हता.

व्यापारी शाळेत येतात

दोन दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. मी धास्तावलो होतो. ते म्हणाले, “सर, तुम्ही आमच्या पोरीला काय शिकवलंत? जेवताना विचारते, पप्पा, लिलाव बंद होते तेव्हा हमालांना काही दिलं का?” मी विचारले, “मग तुम्ही काय सांगितलंत?” ते काही बोलले नाहीत. मी मागवलेला चहा प्यायले. उठताना म्हणाले, “तुमच्या नाटकात नाफेड कुठे होतं? शेतकरी चिडतो आमच्यावर; पण नाफेडचा साठा बाजारात कधी सोडायचा, हे दिल्लीत ठरतं, आणि त्यानेही भाव हलतो. पुढच्या वेळी तेही ठेवा.”

त्यांचे बरोबर होते. आमच्या खेळात नाफेड नव्हते, बियाण्याचा दुकानदार नव्हता आणि आमचा कांदा घेणारे परदेशातले घरही नव्हते. वर्गातले नाटक कधीच पूर्ण नसते. त्यात कोण राहून गेले, हे शोधत राहणे हाच त्याचा अभ्यास.

हा प्रयोग करू पाहणाऱ्या शिक्षकांना अनुभवातून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ताज्या जखमेचा विषय त्याच आठवड्यात घेऊ नये. मृत्यू, दंगल, अत्याचार यांचे प्रत्यक्ष दृश्य वर्गात कधीच करू नये. अशा घटनेनंतर पंचनाम्याला बसलेले, बातमी लिहिणारे, शेजारी राहणारे यांच्याकडून विषयाकडे जाता येते. खऱ्या माणसांची नावे घेऊ नयेत. आणि खेळ संपल्यावर सोंग उतरवायला वेळ द्यावा. आम्ही प्रत्येकाला आपले खरे नाव मोठ्याने सांगायला लावायचो आणि बाके पुन्हा जागेवर लावायचो. बाके ओढण्याच्या त्या गोंगाटात मुले आपोआप स्वतःत परत येत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेच्या अंगाने इतर विषय शिकवण्याचा आग्रह आहे. चांगली गोष्ट आहे. फक्त तिचे रूपांतर ‘उपक्रम अहवाल, छायाचित्रे जोडणे’ यात होऊ नये. अशा तासिकेचे छायाचित्र काढले, तर त्यात खुर्चीवर बसलेले एक मूल आणि विचारात पडलेले चाळीस चेहरे, एवढेच दिसेल.

हे घरीही करता येते, आणि त्यासाठी माझ्यासारख्या मास्तराची गरज नाही. रविवारी वर्तमानपत्र हातात असताना मुलाला एवढेच विचारावे: या बातमीत कोण कोण आहे, आणि कोण असायला हवे होते पण नाही? मग त्या नसलेल्या माणसाच्या वतीने त्याला दोन वाक्ये बोलू द्यावे. आपण मध्ये दुरुस्ती करू नये, हे सर्वांत अवघड.

निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट घालून. त्या सप्टेंबरमध्ये अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. त्या एप्रिलमध्ये तो मुलगा मला बाजारात भेटला, वडिलांबरोबर. वडील खुशीत होते. म्हणाले, “सर, शुल्क गेलं. आता भाव निघतो बघा.” मुलगा म्हणाला, “पप्पा, सगळ्यांच्याच चाळी भरलेल्या आहेत. सगळेच थांबलेत. मग निघेल कसा?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. त्या उन्हाळ्यात भाव निघाला नाही. मुलाचे म्हणणे खरे ठरल्याचा आनंद त्याला झाला नसेल, कारण चाळ त्याच्याही घरची होती. पण आता त्याला आपल्या चाळीबरोबर इतरांच्याही चाळी दिसत होत्या. वडिलांनी ओट्यावर बसून जे मागितले होते, त्यातले थोडेसे तरी शाळेने दिले असावे.